सदतिसावं मिनिट

येमूलच्या बंद कारखान्यात आम्ही अकरा जण होतो.
हत्तुरे म्हणतो, रेकॉर्डिंगमध्ये सातच वाटतात;
तो खोकल्यांवरून मोजतो.

अशोक चौकात चहा संपून तास झाला,
भांडण अजून सदतिसाव्या मिनिटाचं:
सॅक्सोफोन तिथं फाटला, की रझाकनं फाडला?
रझाक एरवी वरातीत वाजवतो. त्यालाच विचारलं.
म्हणाला, "पत्ती भिजली होती."

हत्तुरेला पटलं नाही.
वाजवणाऱ्याला काय कळतंय, म्हणाला.
त्याच्याकडं परदेशी तबकड्या आहेत साठ-सत्तर,
चादरीत गुंडाळलेल्या. त्याची बायको म्हणते,
एखादी उसवून बघा, आत चाल सापडंल.

मी बावीस वर्षं मागावर काढली.
एका मागाला ठेका असतो,
चाळीस मागांना नसतो.
तिथं धागा तुटलेला आधी ऐकू येतो,
दिसतो नंतर.
त्या रात्री तसंच काहीतरी तुटलं,
पण मी उठलो नाही गाठ मारायला.

आणि लाइट गेली होती तेव्हा!
हे मी दर वेळी सांगतो.
टेपात अंधार येत नाही, हत्तुरे.

तो एक इअरफोन माझ्या कानात खुपसतो,
एक त्याच्या. शेंगाचटणीचं बोट वर करून
थांब, म्हणतो, थांब, आता ऐक,
हा खोकला. किती नेमका पडलाय बघ,
अर्धी मात्रा इकडं-तिकडं नाही,
हा नसता तर सगळं कोसळलं असतं.
कुणाचा असंल रे?

परत लाव, म्हणालो.