खर्ज तार वरच्या रेघेवर

कोरियासरांच्या मागे उरलं ते एका बिस्किटाच्या डब्यात मावलं:
तातीची चार वेटोळी, मेणाचा खडा,
आणि झेरॉक्सची झेरॉक्स, तेवीस पानं.
त्यांच्या बहिणीने, मेबलबाईंनी, डबा माझ्या हाती दिला
चरईतल्या जिन्यावरच, आत न बोलावता.
"तुझ्याच कामाचं. आम्हाला त्या मुंग्या दिसतात."

मुंग्याच आहेत. सहा रेघांवरून चाललेले आकडे.
सूर कुठला ते कागद सांगत नाही,
बोट कुठे ठेव एवढंच सांगतो,
आई सांगायची तसं: फडताळात, डावीकडे, मागे,
आणि वस्तूचं नाव घ्यायची नाही.
इटलीच्या वह्यांत तर सगळं उलटं,
खर्ज तार सगळ्यात वरच्या रेघेवर.
मांडीवरच्या ल्यूटकडे मान वाकवून पाहिलं
की ती डोळ्यांच्या सगळ्यात जवळ असते, म्हणून.
हे कळायला मला दोन वर्षं लागली.
सरांनी एका वाक्यात सांगितलं असतं.
किंवा नसतं सांगितलं.

एक नाच आहे, बिननावाचा.
तीन वह्यांत सापडतो, तीन हातांचा,
एकीत आकडे, दोघींत अक्षरं,
आणि तिन्हींत सातव्या खणात एक मात्रा गायब.
चूक एक, म्हणजे घराणं एक.
आमच्या रेशनकार्डावर ठोंबरेचं ठोबरे झालं,
कर्जतच्या चुलत्यांच्याही,
तेव्हाच कळलं की आम्ही एकाच टेबलावरून उतरलो.
तर या तिघींच्या मागे एक चौथी असणार,
हरवलेली,
लिहिता लिहिता कुणी तिच्यात जांभई दिली.
आणि चौथीच्या मागे?

ऋषीचं कूळ नि नदीचं मूळ विचारू नये.
मी विचारत गेले.
ल्यूटच्या मागे निघाला अरबांचा ऊद.
ऊद म्हणजे लाकूड, असं कोशात.
हसूच आलं.
निखाऱ्यावर टाकतो तो ऊद, उदबत्तीतला ऊद,
आमच्या देवघरात केव्हाचा धुमसत बसलेला शब्द,
आणि मी त्याला व्हेनिसला शोधत होते.

तातीसाठी राबोडीला गेले, लतीफ नद्दाफांकडे.
आता मशीन आहे. धनुकली भिंतीला टांगलेली.
त्यांनी ती उतरवली, मुठीने एक ठोका दिला.
धुंग्.
कोपऱ्यातला कापूस हलल्यासारखा वाटला.
"वाजवायसाठी नाही ही," ते म्हणाले, "पण वाजते."
तिची तात आणि सरांच्या डब्यातली,
ओली केली की वास एकच, बकऱ्याच्या आतड्याचा.
कोण कुणाकडून शिकलं
हे तिथे विचारायला सुचलं नाही.

घरी येताना कळव्याच्या पुलावर थांबले.
भरती होती. खाडी उलटी वाहत होती,
एक निळी चप्पल आतल्या बाजूला निघालेली,
सहा तासांनी तीच परत येणार.
हिचं मूळ कुठे दाखवायचं?
लाकूड इकडून गेलं असेल,
गलबतातून पोट काढून परत आलं असेल,
इथल्याच एखाद्या धक्क्यावर कुणी शिपाई
खाऱ्या हवेत तारा लावत बसला असेल
आणि त्या उतरतच राहिल्या असतील.
पुरावा नाही. असेल, एवढंच.

रविवारी विटाव्याहून केण्यांचा रितेश येतो.
त्याला तो नाच मी हाताने उतरवून दिला,
सातव्या खणातल्या भोकासकट.
सरांनीही ते बुजवलं नव्हतं,
वर पेन्सिलीने फक्त: श्वास?
रितेश तिथे श्वास घेत नाही.
अंगठ्याने लाकडावर ठोकतो, एकदा,
आणि पुढे जातो.
मी शिकवलेलं नाही. रागवायला तोंड उघडलं होतं.

मग त्याच्या पानावर, त्या जागी,
एक टिंब दिलं, पेनने.
पुढे कुणी मागे मागे येत विचारलंच,
तर ही चूक विटाव्याची.