वंगण

दिवसाउजेडी बघशील तर स्वच्छच दिसेल, बोगुमिल.
खिडकीबाहेरची नायसे दिसेल, पूल दिसेल,
पुलावरून ज्या सायकलवर आलास
तिची वाकडी घंटासुद्धा दिसेल.
मग पडदा ओढायचा
आणि मागून विजेरी धरायची. अशी, तिरपी.
आता बघ.

दुधावर धरते तशी साय.
ही बुरशी नव्हे. बुरशीला फांद्या फुटतात,
ती काच खात पसरते, तिला निदान भूक असते.
हिला कशाचीच घाई नाही.
नुसती बसून राहिलीय.

वडिलांनी कपाटात ठेवली होती म्हणतोस,
लोकरीच्या मोज्यात, चोवीस वर्षं.
पडली नाही, भिजली नाही, कुणी मागितली नाही.
अशांनाच होतं हे.

रबरी बूच दाबून फिरवलं की पुढची कडी सुटते.
वाच, आमच्या गावाचं नाव आहे तिच्यावर.
मग दोन दातांची चावी, आणि श्वास आवरून.
घसरली तर ओरखडा,
आणि ओरखड्यावर माझ्याकडे औषध नाही.
प्रत्येक भिंगाच्या कडेला पेन्सिलीने बाण काढते,
कुणाचं तोंड कुठे होतं ते आताशा विसरायला होतं.
एकदा एक उलटंच बसवून दिलं होतं.
गिऱ्हाईक हरखून परत आलं, म्हणालं,
कडा काय सुंदर विरघळतात हो!
मी काय बोलणार. कॉफी पाजली.

हे बघ, पात्यांच्या मागचं भिंग.
आधी इथेच जमते.
कुठून येते, विचारत होतास ना?
घरातूनच.
लेन्स फिरते आट्यांवर, आट्यांना वंगण,
वंगण उन्हाळ्यात तापतं, सुटतं,
आणि सगळ्यात जवळची गार जागा बघून टेकतं.
काच बिचारी कायमच गार.

एकोणसत्तर साली मी सतरा वर्षांची,
कारखान्यात, वंगणाच्या टेबलावर.
नोआक मास्तर मागे उभे राहून म्हणायचे,
मोहरीएवढं, रोस्विता, मोहरीएवढं!
शुक्रवारी माझी मोहरी वाटाण्याएवढी व्हायची.
काय फिरायची मग लेन्स, लोण्यात सुरी!
तपासनीस खूश,
आणि मी साडेतीनला फाटकाबाहेर, केस सोडून.
आकड्यावरून साल कळतं, वार कळत नाही.
साल माझंच आहे.

अल्कोहोलचा पहिला हात, मधून बाहेर, गोल गोल.
हलली, पण गेली नाही.
मग पेरॉक्साइड नि अमोनिया, थेंबाला थेंब.
नाक तिकडे कर.

तू काही विचारलं नाहीस,
पण फोटो टेबलावर ठेवलेस, एकेक, सुलटे करून.
वाढदिवसाच्या मेणबत्त्या, आणि त्यांचा सगळा उजेड
आईच्या गळ्याशी सांडलेला.
कपाळ आहे. हसणं आहे, बहुतेक.
हनुवटी कुठे संपते आणि भिंत कुठे लागते
ते तुलाच सांगावं लागेल.
वडिलांनी पात्यं थोडी मिटली असती तर...
जाऊ दे. त्यांना ती घरात दिव्याखाली हवी होती.
कागदावरची साय मला काढता येत नाही, पोरा.
मी फक्त हे भिंग पुसते.
उद्या याच्यातून जे बघशील
ते बघ.

कडेला नखाएवढा डाग राहिलाय.
तिथे तेलाने काच चाटलीय, कितीही घासलं तरी तो तिचाच.
फोटोत दिसणार नाही.
विजेरी मारून शोधत बसू नकोस.

पंचवीस युरो. वंगणाचे धरले नाहीत.
नवं भरलंय, या खेपेला खरंच मोहरीएवढं.
फिरवताना जरा जड लागेल.
लागू दे.