शिडी घरात आहे

असरनंतर येतात पोट्टे.
गच्चीवर, पत्र्याखाली
आधी बादलीभर पाणी ओतावं लागतं,
फरशी चर्र करून पिते, मग चटई.

मुसद्दिक सगळ्यात जलद म्हणतो.
सातही आयती एका दमात,
कामठी रोडवरच्या ट्रकसारखा, मधे थांबा नाही.
"बघा आपा, बारा सेकंद."
घरी त्याला याचे पाच रुपये मिळतात.

मीही असंच शिकले.
एकदा अर्थ विचारला होता, आठ वर्षांची असेन,
तर उस्तानीनं माझी ओढणी सारखी केली
आणि म्हणाली, पुढे वाच.
वाईट नव्हती ती. तिलाही कुणी सांगितला नव्हता.
तीस वर्षं मी पुढेच वाचत राहिले.

अब्बांच्या मागावर एक मात्र कळलं होतं:
लुगडं पारखायचं तर उलटं करतात,
गाठी मागच्या अंगाला असतात.
अरबीत एक शब्द आहे, तदब्बुर, खोल विचार करणं;
त्याच्या मुळाशी म्हणे 'पाठ' आहे, वस्तूची मागची बाजू.
हे वाचलं त्या दिवशी माझी भाजी करपली.

तर काल म्हटलं, सेकंद मोजायचे नाहीत.
आज शेवटचा एकच शब्द. माऊन.
म्हणजे लहानसहान वस्तू,
शेजारी मागतो अशी,
दिल्यानं आपलं काही उणं होत नाही अशी.
आणि ती अडवून धरणारे लोक.
सांगा बरं, कोणकोणती?

"विरजण," अरीबा.
"सायकलचा पंप."
"सुई." "फ्रीजमधला बरफ."
"वायफायचा पासवर्ड," हुजैफा,
आणि सगळे लोळून हसले.
मी तोही लिहिला फळ्यावर. का नाही?

तनझीला सगळ्यात लहान. तिला अजून
ऐन आणि अलिफ एकच वाटतात.
तिनं बोट वर केलं.
"आपा, शिडी?"

कोणती शिडी?

"तीच नं. पराते काकूले कूलरचा वाळा बदलायचा होता.
तुम्ही म्हटलं, मोडली.
मी जिन्यातच होती."

शिडी माझ्या पाठीमागेच होती, टाकीला टेकून.
तिच्या पायऱ्यांवर नऊ दप्तरं लटकत होती.

कारण काय, तर मागल्या वर्षी
ती परत आली तेव्हा चुना लागला होता दोन पायऱ्यांना.
एवढंच.
आणि नमाजची वेळ जाऊन राहिली होती,
म्हणून चटकन तोंडात आलं ते बोलले, आणि वजूला बसले.
हे मी मुलांना सांगितलं नाही.
त्या शब्दाच्या जरा आधी काय लिहिलंय
ते त्यांना अजून ठाऊक नव्हतं. मला होतं.

कुणी मला काही म्हणालं नाही.
अरीबानं आपलं दप्तर काढलं फक्त.
मग दुसऱ्यानं. मग शिडी नुसती शिडी राहिली.

जिन्यात ती चार ठिकाणी भिंतीला घासली.
पुढे मुसद्दिक, गल्लीभर ओरडत,
"बाजू व्हा बे, बाजू व्हा!"
मागे मी, हातात कुणाची तरी एकच चप्पल.

पराते काकूंनी दार उघडलं.
हात भिजलेले, पदर खोचलेला,
स्टुलावर पाट, पाटावर डबा,
त्यावर चढायच्या बेतात होत्या बाई.
शिडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"जुळली काय?"

मोडली नव्हती, म्हटलं.
पुढचं काही मला पाठ नव्हतं.

"बरं," त्या म्हणाल्या, "खालून धरा घट्ट."

वाळ्याचा वास घेऊन वर आलो तर उन्हं उतरलेली.
मुसद्दिकनं पुन्हा म्हणायला घेतलं, सवयीनं,
आणि चौथ्या आयतीवर अडकला.
विसरला नव्हता. थांबला होता.
"आपा, हे नमाजवाल्याईलेच काऊन बोलून राहिले?"

मगरिबला दहा मिनिटं होती.
म्हटलं, उद्या सांगते.
मग म्हटलं, नाही, बस.