गालांना चिकटपट्टी लावू नका

हे मी वहीच्या पानावर लाल पेनाने लिहून
चार नंबरच्या खाटेच्या डोक्याशी भिंतीवर लावलं,
चिकटपट्टीनेच, दुसरं काही मिळालं नाही.
श्वासाची नळी सुती नाडीने बांधा.
दर दोन तासांनी डोळ्यांत मलम.
ओठांना ग्लिसरीन. वस्तरा लावू नका.

तो मेलेला होता.
पहिली तपासणी तीन वीसला, दुसरी साडेनऊला.
व्हेंटिलेटर सोडवून आम्ही चौघं
त्याच्या छातीकडे बघत उभे राहिलो,
आठ मिनिटं. बाहेर कुणाचं तरी बाळ शिंकलं.
छाती हलली नाही.

मग सेवा सुरू झाली.
जिवंत माणसाची एवढी मी कधी केली नव्हती.
लघवी तासाला अर्धा लिटर, सोडियम चढतंय,
दाब पडला की थेंब वाढव,
अंग गार पडू देऊ नको.
मेलेल्याच्या तोंडात पाणी घालतात.
मी शिरेतून घालत होते.

गुलाब नैताम, वय बत्तीस, मंडप डेकोरेशन,
कुरखेड्याच्या पुढचं गाव.
बारशाच्या मंडपाला झालर बांधताना
शिडीवरून मागच्या मागे पडला.
तोंडावर पडला असता तर
ही कविता नसती.

किडन्या, लिव्हर, डोळे:
रेवता प्रत्येक शब्दाला मान हलवत गेली.
कोऑर्डिनेटर ‘चेहरा’ म्हणाला तेव्हा थांबली.
‘मंग गावाले का तोंड दाखवू जी?’
कुणाचं तोंड, हे कुणी विचारलं नाही.

ज्याला द्यायचा त्याचं नाव सांगता येत नाही,
गावही नाही. कायदा आहे.
तरी तो पोरगा म्हणाला, हळूच, नियम मोडत:
‘अस्वल.’

नागपूरच्या डॉक्टरांना हा शब्द समजावून सांगावा लागतो.
रेवताला नाही.
‘मोहावर गेला असंन,’ ती म्हणाली. ‘पहाटे.’
तिचा मामा चौदा वर्षं भिंतीकडे तोंड करून जेवला.
लग्नात त्याची पंगत गोठ्यात.
लेकरं त्याला हाक मारायची, पण पाठीमागूनच.

‘तो याच्यासारखा दिसंन?’
‘नाही ताई. हाडं त्याची, कातडी यांची.
तिसराच कुणी दिसेल.’
ती बराच वेळ गप्प.
‘तं घ्या. पन कानामागचा तीळ राहू द्या.’

सर्जनने जांभळ्या पेनाने रेघ काढली,
केसांच्या कडेने, कानापुढून, हनुवटीखालून,
मोजून, जशी शिंपी बाही मोजतो.
तीळ अलीकडे राहिला.

दातांच्या विभागातला भोजराज
एरवी म्हाताऱ्यांच्या कवळ्या करतो.
त्याने साचा घेतला, मुखवटा ओतला,
ट्यूबलाइटखाली बसून रंगवला
आणि मध्यरात्री दाखवायला आणला.
रेवताने बघितलं.
‘एवढा गोरा नोता जी.’
तिने पोलक्याची बाही वर सारली,
दंड उजेडात धरला:
‘याच्याहून थोडा काळा.’
भोजराज रंग कालवत राहिला
आणि तिने दंड तसाच धरून ठेवला,
पाऊण तास.

चार वाजता खाट आत गेली.
सगळ्यात आधी चेहरा, हृदय चालू असताना,
एकेक नस शोधत, दोऱ्याहून बारीक.
डबा निघाला तेव्हा उजाडलं होतं.
गाडीच्या ड्रायव्हरला कुणी सांगितलं नव्हतं आत काय आहे.
तो म्हणाला, ‘हलकाच हाय.’

गावात माती देताना
फुलवंता, थोरली बहीण, मुखवट्यावरून हात फिरवत होती म्हणे,
आणि एकदाच म्हणाली, ‘गार हाय.’
मग बोटं कानामागे गेली,
तिथे थांबली.

मी दुपारी ड्युटीवर आले.
चार नंबरवर सापाचा पेशंट, पंधरा वर्षांचा.
भिंतीवरचा कागद ओढला
तर चिकटपट्टीसोबत
भिंतीचा रंग निघून आला.
खाली आधीचा रंग होता, पिवळा.