दोनशे बारावी ओळ

क्लाक्स्विकच्या बंदर-कचेरीत सकाळी नऊला
हानुस मला त्याची खुर्ची देतो, स्वतः उभा राहतो,
डॉक्टरपुढे सदरा काढताना
माणूस खिडकीकडे बघतो, तसा.
एकतीस वर्षांची नोकरी. शुक्रवारी संपते.
जुना पासवर्ड मॅनेजर आता बंद होणार,
नव्यात सगळं हलवायचं.
"सगळं म्हणजे?"
"सगळं," तो म्हणतो, आणि कॉफी आणायला जातो.

काळी चौकट उघडते. कर्सर लुकलुकतो,
खाडीतल्या बोयावरच्या दिव्यासारखा.
कमांड लिहिण्याआधी मी एक मोकळी जागा सोडते.
ओळीच्या आधी एवढीशी स्पेस दिली
की टर्मिनल ती ओळ लक्षात ठेवत नाही.
(प्रत्येक यंत्रावर हे चालतंच असं नाही. आधी तपासावं.)
उद्या कुणी वरचा बाण दाबत मागे मागे गेलं
तर अलीकडचं दिसेल, पलीकडचं दिसेल,
मधली ही नाही.

मास्टर पासवर्ड तो स्वतः टाकतो, दोन बोटांनी.
पडद्यावर काही उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत.
"लिहिलं जातंय ना?"
"जातंय."
"मग दिसत का नाही?"
"दिसू नये म्हणूनच."

एंटर.
झाकली मूठ सव्वा लाखाची होती,
ती आता साध्या मजकुराची एक फाईल,
स्वल्पविरामांनी तोडलेली,
कुणीही उघडावी, कशातही उघडावी.
अकरा मिनिटं ती अशी उघड्यावर राहणार.
वायफाय मी आधीच बंद केलंय,
तरी उठून दार लावून घेते.

वाचायचं नाही, हा माझा नियम.
पण ओळी मोजताना डोळा अडखळतोच.
बर्फाच्या कारखान्याला आणि पेन्शनला एकच पासवर्ड.
तीन बोटी, त्यांतल्या दोन केव्हाच भंगारात गेलेल्या.
कुठेतरी परगावी बुद्धिबळाचं खातं.
आणि कस्टम्सची ती जुनी नोंद:
दर वर्षी पासवर्ड बदलायची सक्ती,
म्हणून दर वर्षी त्याच तारखेपुढे
एक उद्गारचिन्ह वाढवलेलं.
सात झाली, मग सक्तीच उठली असावी.
तारीख कुणाची, मी विचारत नाही.

निघाल्या दोनशे बारा ओळी.
पोचल्या दोनशे अकरा.

दोन्ही याद्या लावून घेतल्या, शेजारी शेजारी धरल्या,
जे जे जुळलं ते वजा केलं.
उरली एक.
नाव: घर. वापरकर्ता: हानुस. पासवर्ड:
तिथे दोन स्वल्पविराम, एकमेकांना चिकटून,
मध्ये काहीच नाही.
नव्या तिजोरीला रिकामं चालत नाही, तिने परत पाठवली.

"ही चुकून राहिली असेल. काढू?"
तो चष्मा कपाळावर सरकवतो, वाकून बघतो.
"शिकवायला आलेला पोरगा म्हणाला होता,
जेवढी दारं तुम्ही उघडता तेवढ्यांची नोंद करा.
मी केली."
"पण पासवर्ड?"
"त्या दाराला कुलूप नाही, रान्वा. कधीच नव्हतं."
कॉफी ढवळतो. साखर घातलेली नाही, तरी ढवळतो.
"दार मात्र आहे."

मी चौकटीत एक स्पेस टाकते. फक्त एक.
तिजोरी क्षणभर घुटमळते, मग हिरवी खूण.
दोनशे बारा.

आता फाईल. नुसती काढून भागत नाही,
नाव जातं, मजकूर मागे तसाच पडून राहतो.
तिच्यावर तीनदा भलतंसलतं लिहावं लागतं.
नव्या डिस्कवर याचाही भरवसा नाही,
पण ही जुनी, फिरणारी,
तिची घरघर आम्हा दोघांना ऐकू येते.
थांबते.

"गेली?"
"बघा तुम्हीच."
तो वरचा बाण दाबतो.
आज तारीख काय, असं मी सकाळी विचारलेलं,
तेवढंच वर येतं.
"बरं," म्हणतो, आणि दोन्ही बोटं पँटला पुसतो,
मासा साफ करून झाल्यावर पुसतात तशी.