शेरा

पायसान्दूच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात
नेलिदाबाई एचेवेरी
भोपळ्याच्या तुंब्यातला कडू माते
अजूनही टेबलाटेबलावर फिरवू पाहतात.
एक तुंबा, एकच नळी.
पूर्वी आम्ही सातजण ओढायचो, पाळीपाळीनं,
आणि साहेबाच्या नावानं बोटं मोडायचो.

आता पोरं आपापला तुंबा आणतात,
आपापला थर्मास, कानात आपापलं काहीतरी.
पाचला खुर्च्या रिकाम्या.
"आम्ही सात-सातपर्यंत बसायचो," बाई म्हणतात.
"कशासाठी?" फाकुंदो विचारतो.
उर्मटपणे नाही. त्याला खरंच कळत नाही.
बाई उत्तर देत नाहीत.
मलाही आठवत नाही.

मी मधली.
टीपकागदाचा शेवटचा गठ्ठा मीच संपवला,
आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून ड्रॉवरमध्ये ठेवते.

फाकुंदोचा करार अकरा महिन्यांचा.
तेवढ्यात जुनी बाडं संगणकात चढवायची.
परवा तो अडला:
पंच्याऐंशी साल, पान दोनशे चार,
मुलगी, जन्म तीस फेब्रुवारी.
प्रणाली ती तारीख घेईना.
तो आधी हसला. मग सही पाहिली,
शेवटच्या अक्षराची लांबलचक शेपटी,
आणि बाड उचलून बाईंच्या टेबलाशी गेला,
कानातलं काढून.

बाईंनी चष्मा लावलाच नाही.
"मृत्यूचं बाड बघ. त्याच दिवशीचं.
दोन्ही नोंदी एकदमच केल्या तिनं.
नऊ दिवसांची पोर.
आई इथं उभी होती, तुझ्याच जागी.
ती तीस म्हणाली.
मी बावीस वर्षांची,
मला तिला पुन्हा विचारवेना."

दाखला मागायला त्यानंतर कुणी आलंच नव्हतं.
चूक चाळीस वर्षं सुखानं झोपली होती.

"एक मार्च टाकू?" फाकुंदोनं विचारलं.
"अठ्ठावीस?"
बाई तुंब्यातला पाला नळीनं टोकरत राहिल्या.
मग तो जागेवर जाऊन बसला, बराच वेळ,
बाहेर नदीवरचे दिवे लागेपर्यंत.

त्यानं तारखेचा रकाना कोरा सोडला.
शेऱ्यात लिहिलं:
आईने सांगितल्याप्रमाणे.

आता रोज सकाळी पडद्यावर लाल अक्षरं उमटतात:
नोंद अपूर्ण. दुरुस्त करा.
तो ती मुकाट्यानं बाजूला सारतो.
बाई जूनमध्ये निवृत्त होतात,
त्याचा करार ऑगस्टला संपतो.
मग ते काम माझ्याकडे.