हाबाकी

छत्तीस वर्षं मी दातांच्या टोप्या केल्या,
साकाता बंदराच्या मागच्या गल्लीत,
माणसं न बघता, नुसते त्यांचे प्लास्टरचे जबडे बघून.
आता निवृत्त. आता तांबं.

तलवारीच्या पात्याला गळ्याशी एक पट्टी असते,
बोटाच्या पेराएवढी. हाबाकी.
तिच्या जोरावर पातं म्यानात अधांतरी राहतं,
लाकडाला अंग न लावता.
मिरवायचं काम इतरांचं: मुठीवरची रेशमी वीण,
चकतीवरचे बगळे.
हिला कोण बघतो?

पहिली केली जुन्या गीझरच्या तांब्यातून.
ठोकता ठोकता चिरली.
दुसरी इतकी सैल, की उसामी म्हणाले,
"अंगठी छान झालीय."
तिसरीला डाख देताना टाकणखार फसफसला,
चांदी भलतीकडेच धावली,
आणि बघता बघता अर्धी पट्टी वितळून लोळागोळा.
तोकिवानं ती खिडकीत ठेवलीय,
विजेची बिलं उडू नयेत म्हणून.

उसामी पाती उजळतात, मोतीबिंदू उतरला तरी.
त्यांचा नियम एकच:
पात्याच्या शेपटावरचा गंज पुसायचा नाही.
"तू काल आलास. तो चारशे वर्षं बसलाय तिथे."

चौथी.
तांबं लाल करायचं, पाण्यात बुडवायचं;
दहा घाव ऐकतं,
अकराव्याला अडून बसतं.
पुन्हा लाल. पुन्हा पाणी.
बाहेर समुद्राकडून बर्फ आडवं येत होतं
आणि पट्टी केसभर आधीच अडत होती,
कुठे, ते काही केल्या कळेना.

मग ड्रॉवरमधला तो निळा कागद आठवला,
दाताखाली धरून "चावा" म्हणतात तो.
पात्याला गुंडाळला, पट्टी सरकवली, काढली.
आत तीन निळे ठिपके.
तेवढेच कानशीनं घासले. पुन्हा कागद. पुन्हा ठिपके.
पहाटे कधीतरी ठिपके उरलेच नाहीत,
सगळीकडे सारखा, फिका निळा.

उसामींनी पातं म्यानात घातलं,
म्यान उलटं धरलं.
पडलं नाही.
मग कानाशी नेऊन हलकेच हलवलं.
"थोडं बोलतंय," म्हणाले,
आणि चहा ओतायला उठले.

परतीच्या बसमध्ये समोर एक म्हातारा
सुकवलेलं माकूळ चघळत होता,
डाव्या बाजूनं, निवांत.
त्या दाढेवर माझीच टोपी असेल कदाचित.
मी पुढे वाकून
कान दिला.